पाण्यात धुऊन गेलेला थर

नेरळच्या पावसाळ्यात लोखंडी पत्रा बघता बघता गंजतो, हे आपण पाहतोच. अ‍ॅल्युमिनियमचे पातेले मात्र वर्षानुवर्षे टिकते. ऑक्सिजनशी संयोग दोघांचाही होतो. पण गंजाचे पापुद्रे सुटतात आणि खालचे लोखंड उघडे पडते; अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर घट्ट चिकटून धातूचे रक्षण करतो. इलेक्ट्रॉनिकीचा इतिहासही अशाच थरांभोवती फिरला आहे.

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियम या अर्धसंवाहकावर ऑक्साइडचा विद्युतरोधक थर चढवला, पृष्ठभाग धुतला आणि त्यावर सोन्याचे ठिपके दिले. मोजमापे अपेक्षेप्रमाणे येईनात. थर पाण्यात विरघळून गेला होता आणि सोने थेट जर्मेनियमला टेकले होते! या चुकीनेच वाट दाखवली आणि काही दिवसांत ट्रान्झिस्टर जन्मला. पण जर्मेनियमला टिकाऊ कवच नाही, हेही उघड झाले.

असे कवच सिलिकॉनला होते. १९५५ साली त्याच प्रयोगशाळेत फ्रॉश आणि डेरिक यांच्या भट्टीत हायड्रोजनने अचानक पेट घेतला. त्यातून झालेल्या पाण्याच्या वाफेमुळे सिलिकॉनच्या चकत्यांवर काचेसारखा थर चढला. तो सिलिकॉन डायऑक्साइडचा होता; वाळूतले मुख्य द्रव्य तेच. हा थर पाण्यात धुऊन जात नाही. जर्मेनियम मागे पडून सिलिकॉन पुढे आले, त्याचे हे एक मोठे कारण.

पण काही नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या काही अब्जांश जाडीचा थर जागेवर आहे की नाही, हे ओळखायचे कसे? स्वीडनमध्ये काई सीगबान आणि त्यांचे सहकारी पदार्थावर क्ष-किरण टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजत होते. तांबे आणि तांब्याचे ऑक्साइड यांच्यासाठी ही ऊर्जा किंचित वेगळी येते, असे त्यांनी १९५८ साली दाखवले. सिलिकॉनच्या बाबतीत हा फरक सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. त्यामुळे आलेखावर दोन शिखरे दिसतात, एक सिलिकॉनचे आणि दुसरे ऑक्साइडचे. थर जाड होईल तसे खालून येणारे इलेक्ट्रॉन वाटेतच अडतात आणि सिलिकॉनचे शिखर खुजे होते. दोन्ही शिखरांच्या गुणोत्तरावरून थराची जाडी काढता येते. सीगबान यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या यंत्राच्या तीव्र क्ष-किरणांनी असे अभ्यास होतात. ब्रॅटन यांच्या हाती हे तंत्र असते, तर ऑक्साइडचे शिखर नाही हे त्यांना लगेच कळले असते. मग ट्रान्झिस्टर लवकर सापडला असता की उशिरा? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.