ड्युअल बूट

ड्युअल बूट किंवा दुहेरी बूट म्हणजे एकाच संगणकावर दोन स्वतंत्र संचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) प्रस्थापित करून, संगणक सुरू करताना त्यांपैकी एकीची निवड करण्याची व्यवस्था होय. एका वेळी एकच प्रणाली चालते; दुसरी वापरण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. घरगुती संगणकांवर प्रामुख्याने विंडोज आणि उबुंटू, फेडोरा किंवा लिनक्स मिंट यांसारखे एखादे लिनक्स वितरण अशी जोडी आढळते.

पार्श्वभूमी

१९९० च्या दशकात लिनक्सच्या वापरकर्त्यांमध्ये लिलो हा बूटलोडर रूढ होता. पुढे त्याची जागा ग्रबने घेतली. ॲपल कंपनीने २००६ मध्ये इंटेल प्रक्रियक असलेल्या मॅक संगणकांवर विंडोज चालवण्यासाठी बूट कॅम्प हे साधन उपलब्ध केले. २०२० पासून आलेल्या ॲपल सिलिकॉन मॅकवर ते चालत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले. विंडोज ११ च्या हार्डवेअरविषयक अटी पूर्ण न करणाऱ्या जुन्या संगणकांसाठी लिनक्स हा एक पर्याय आहे.

कार्यपद्धती

संगणक सुरू होताच मदरबोर्डवरील फर्मवेअर प्रथम कार्यान्वित होते. ते बूटलोडर शोधते आणि बूटलोडर निवडलेल्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणतो.

जुन्या बायोस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत, म्हणजे एमबीआरमध्ये, बूटलोडरचा आरंभीचा भाग आणि पार्टिशनची सारणी असते. या सारणीत केवळ चार प्राथमिक पार्टिशन मावतात. तेथे एकाच बूटलोडरला जागा असल्याने नंतर प्रस्थापित केलेली प्रणाली आधीचा बूटलोडर पुसून टाकू शकते. लिनक्सनंतर विंडोज प्रस्थापित केल्यास लिनक्स निवडसूचीतून नाहीसे होते, ते यामुळेच. म्हणून आधी विंडोज व नंतर लिनक्स हा क्रम रूढ झाला.

नव्या यूईएफआय पद्धतीत जीपीटी सारणी आणि फॅट ३२ स्वरूपाचे एक लहान ईएफआय पार्टिशन वापरले जाते. त्यात प्रत्येक प्रणालीचा बूटलोडर वेगळ्या फोल्डरमध्ये राहतो. त्यामुळे दोन्ही बूटलोडर एकत्र नांदू शकतात.

पूर्वतयारी

* महत्त्वाच्या सर्व फायलींची प्रत बाह्य डिस्कवर घेणे. पार्टिशन बदलताना झालेली चूक बहुधा सहज दुरुस्त होत नाही.
* बिटलॉकर कूटबद्धीकरण चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की संगणकाबाहेर जपून ठेवणे. बूट व्यवस्थेत बदल झाल्यावर विंडोज ही की मागू शकते. ती नसल्यास डिस्कवरील माहिती कायमची दुरावते.
* विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करणे. या सुविधेमुळे विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि तिचे पार्टिशन लिनक्समधून लिहिण्यासाठी उघडणे धोक्याचे ठरते.

प्रस्थापना

# विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून मुख्य पार्टिशन आकुंचित करून मोकळी जागा निर्माण केली जाते. उबुंटूसाठी किमान २५ जीबी जागा सुचवली जाते.
# लिनक्सची प्रतिमा पेनड्राइव्हवर उतरवली जाते.
# पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला जातो. विंडोज यूईएफआय पद्धतीने बसवलेले असेल, तर पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू करणे आवश्यक असते.
# प्रस्थापकात विंडोजसोबत बसवण्याचा पर्याय निवडला जातो. संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडल्यास विंडोज व तिच्यातील फायली नष्ट होतात.
# संगणक पुन्हा सुरू केल्यावर ग्रबची निवडसूची दिसते. ती न दिसल्यास फर्मवेअरमधील बूटक्रम बदलावा लागतो.

सामान्य अडचणी

घड्याळातील तफावत: विंडोज मदरबोर्डवरील घड्याळात स्थानिक वेळ आहे असे मानते, तर लिनक्स सामान्यतः जागतिक समन्वित वेळ मानते. भारतात हा फरक ५ तास ३० मिनिटांचा असल्याने लिनक्सनंतर विंडोज सुरू केल्यास सायंकाळी ६ वाजता दुपारचे १२:३० दिसू शकतात. दोहोंपैकी एका प्रणालीची मांडणी बदलल्यास हा दोष दूर होतो.

सिक्युअर बूट: ही सुविधा केवळ मान्यताप्राप्त स्वाक्षरी असलेला बूटलोडर चालू देते. प्रमुख लिनक्स वितरणे त्यासाठी स्वाक्षरीयुक्त शिम वापरतात. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका सुरक्षा अद्यतनानंतर काही ड्युअल बूट संगणकांवर लिनक्स सुरू होणे थांबले होते.

फायलींची देवाणघेवाण: लिनक्सला विंडोजचे एनटीएफएस पार्टिशन वाचता येते, मात्र विंडोज लिनक्सचे एक्स्ट ४ पार्टिशन स्वतःहून वाचत नाही.

लिनक्स काढून टाकणे: केवळ लिनक्सचे पार्टिशन पुसल्यास ग्रबला आपल्या फायली सापडत नाहीत आणि संगणक त्रुटीसंदेशावर अडकू शकतो. त्यामुळे प्रथम विंडोजचा बूटलोडर पूर्ववत अग्रक्रमावर आणणे आवश्यक असते.

पर्याय

आभासी यंत्रात दुसरी प्रणाली पहिलीच्या आत चालते. त्यामुळे पार्टिशनला हात लावावा लागत नाही, परंतु स्मृती आणि प्रक्रियकाची क्षमता विभागली जाते. विंडोजमधील डब्ल्यूएसएल सुविधेद्वारे लिनक्सच्या आज्ञा थेट चालवता येतात. लिनक्स केवळ पाहण्यासाठी पेनड्राइव्हवरील लाइव्ह आवृत्ती पुरेशी असते.

हेही पहा

* संचालन प्रणाली
* बूटलोडर
* लिनक्स
* आभासी यंत्र