हायवेवरची माणसं अन् गावातलं रेशन कार्ड

मंडळी, कोरोनातल्या मजुरांचा विषय काढला की दोनच सूर निघतात. एक म्हणतो, सरकारनं काहीच केलं नाही. दुसरा म्हणतो, सगळं फुकट वाटलं. तेव्हा बाळापूर ते बडनेरा हायवेवर वार्तांकन करत फिरलो होतो, म्हणून थोडा हिशेब मांडतो.

दिलं तर होतं. २६ मार्च २०२० ला केंद्रानं माणशी ५ किलो मोफत धान्य जाहीर केलं. आपल्या राज्यानं १० रुपयांची शिवभोजन थाळी ५ रुपयांवर आणली. नोंदणी असलेल्या बांधकाम मजुरांना एप्रिलमध्ये २ हजार रुपये मंजूर झाले. आता गोम पाहा. धान्य कार्डावर, अन् कार्ड गावाकडं घरच्या डब्यात. दोन हजार नोंदणीवर, अन् नाक्यावरच्या किती जणांची नोंदणी होती? छत्तीसगडकडं पायी निघालेल्या माणसाला मूर्तिजापूरच्या कंट्रोलवाल्यानं कोणत्या यादीत शोधायचं? त्याला जेवू घातलं ते रस्त्यावरच्या गावांनी, गुरुद्वारा-मशिदी-मंदिरांनी.

कार्ड नसलेल्या मजुरांसाठी ५ किलो धान्य अन् कुटुंबाला १ किलो चणा, दोन महिने, ही घोषणा झाली १४ मे ला. लॉकडाऊन लागून पन्नास दिवस झाले होते. त्याच्या सहा दिवस आधी, ८ मे च्या पहाटे, करमाडजवळ रुळावर झोपलेले मध्य प्रदेशचे १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळकडं निघाले होते बिचारे, गाडी मिळेल म्हणून.

यादी असायला पाहिजे होती हे काही नंतर सुचलेलं शहाणपण नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा १९७९ चा होता. पाच किंवा जास्त परराज्यातले मजूर आणले की ठेकेदारानं परवाना घ्यायचा, मजुरांचा तपशील सरकारला द्यायचा, प्रवासभत्ता द्यायचा. चाळीस वर्षं हा कायदा फायलीत पडून होता. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत विचारलं, वाटेत किती मजूर मेले? उत्तर आलं, आकडेवारी ठेवलेली नाही. त्याच महिन्यात नवी कामगार संहिता मंजूर झाली, त्यात पाचाचे दहा झाले!

अन् आपल्या मेळघाटाचं काय? धारणी-चिखलदऱ्याचे कोरकू मजूर मुकादमासंगं बाहेर पडतात, होळीला परततात. ते राज्यातच राहिले तर १९७९ च्या कायद्यात ते 'स्थलांतरित' नव्हतेच. परतल्यावर त्यांना आधार झाला तो रोजगार हमीचा. ती योजना मूळ महाराष्ट्राचीच, कायदा १९७७ चा.

२०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं कान उपटल्यावर 'एक देश एक रेशन कार्ड' सगळ्या राज्यांना बंधनकारक झालं, ऑगस्टमध्ये ई-श्रम पोर्टल आलं. पण कार्ड एक, अन् कुटुंब दोन ठिकाणी. बापानं पुण्यात आपला वाटा उचलला तर धारणीत आईला बाकीचा मिळतो, हे नियमात आहे. हे तुमच्या गावच्या कंट्रोलवर कोणी सांगितलं का? कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा, मी तहसीलला विचारतो.