जीवशास्त्राचं कपाट

मेळाव्याची तयारी सुरू झाली आणि शाळेला भेट काय द्यायची यावर आपल्या ग्रुपवर शंभरेक संदेश पडले. बहुतेकांचा कल जीवशास्त्राचा तयार डिजिटल संच घेण्याकडे होता. मोठा पडदा, हलती चित्रं, धड्याच्या शेवटी प्रश्न. "तू सॉफ्टवेअरमधली, तूच बघ," म्हणून चौकशीचं काम माझ्याकडे आलं. आमच्या धंद्यात नवी प्रणाली बसवण्याआधी जुनी काय काम करत होती ते पाहायची पद्धत आहे. म्हणून दिवाळीत गावी गेले तेव्हा शिपाईमामांकडून प्रयोगशाळेतलं जीवशास्त्राचं कपाट उघडून घेतलं.

आत गुंडाळलेले तक्ते होते, फॉर्मॅलिनच्या बरण्या होत्या, एक भाग हरवलेलं कानाचं मॉडेल होतं. तीन सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्यांची लाकडी पेटी आणि तळाशी जुन्या प्रयोगवह्या, गाईडं. यादी करायला बसले आणि या वस्तू मुळात आल्या कुठून, हे शोधण्यात पुढचे दोन महिने गेले. जे सापडलं ते इथे मांडते. शेवटी भेटीबद्दल माझं मत आहे, आणि तीस वर्षं उशिरा द्यायचं राहिलेलं एक उत्तर.

आधी तक्ते. आपल्या वर्गात खिळ्याला टांगलेला पानाच्या छेदाचा तक्ता आठवतो का? त्याची घराणी एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत सापडतात. वर्ग मोठे होऊ लागले, सूक्ष्मदर्शकातून मात्र एका वेळी एकालाच दिसणार. मग जे एकाच्या डोळ्याला दिसलं ते शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचं कसं? बर्लिनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिओपोल्ड क्नी यांनी १८७४ पासून भिंतीवर लावायचे वनस्पतींचे तक्ते काढले. रुडॉल्फ लॉयकार्ट यांनी १८७७ पासून प्राण्यांचे तक्ते प्रसिद्ध करायला सुरुवात केली. तक्ता काढणारा आधी तासन् तास भिंगाला डोळा लावून बसलेला असे.

कानाच्या मॉडेलची गोष्ट याहून जुनी. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शवं पुरत नसत आणि ती टिकतही नसत. मेणाची मॉडेल्स महाग आणि नाजूक. फ्रान्समधल्या लुई ओझू या डॉक्टरने १८२० च्या दशकात कागदाच्या लगद्यापासून शरीराची मॉडेल्स करायला घेतली, आणि ती अशी केली की एकेक अवयव सुटा काढावा, पाहावा आणि परत बसवावा. आपलं मॉडेल प्लास्टरचं असलं तरी त्याच वळणाचं. त्याचा भाग हरवला याचा अर्थ निदान कुणीतरी तो काढून पाहत तरी होतं!

बरण्यांचा मान एका अपघाताला जातो. पूर्वी नमुने स्पिरिटमध्ये ठेवत. जर्मनीतले डॉक्टर फर्डिनांड ब्लूम फॉर्माल्डिहाइडचा जंतुनाशक म्हणून अभ्यास करत असताना त्यांच्या बोटांची कातडी कडक झाली. बोटं कडक होतात, तर प्राण्याचे ऊतकही होतील, असा विचार करून त्यांनी प्रयोग केले आणि १८९३ मध्ये ते जाहीर केले. आपल्या कपाटातला तो डोळे मिटलेला बेडूक इतकी वर्षं टिकला तो ब्लूमच्या बोटांमुळे.

पण बरणीत बेडूकच का? गांडूळ, हायड्रा, बेडूक हा ठरावीक क्रम कुणी लावला? याचं एक मोठं मूळ लंडनमध्ये आहे. इंग्लंडमध्ये १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर शाळा वाढल्या आणि विज्ञान शिकवणारे शिक्षक हवे झाले. टॉमस हक्सली यांनी १८७१ च्या उन्हाळ्यात साउथ केन्सिंग्टनला शिक्षकांसाठी वर्ग घेतला. सगळी जीवसृष्टी थोड्या दिवसांत शिकवता येत नाही. म्हणून त्यांनी थोडे प्रतिनिधी निवडले आणि ते प्रत्येकाने स्वतः हाताळायचे, चिरायचे, काढायचे असा नियम केला. १८७५ मध्ये हक्सली आणि मार्टिन यांचं प्रात्यक्षिकाचं पुस्तक आलं. ते यीस्टपासून सुरू होऊन अमीबा, वालाचं रोप, हायड्रा, झिंगा असं करत बेडकापर्यंत जातं. आपला क्रम त्याच घराण्यातला. फरक एवढाच की हक्सलींच्या वर्गात शिक्षकांसमोर प्राणी होता आणि आपल्यासमोर बरणीवरची चिठ्ठी.

आता आपल्याकडे येऊ. १९६४ ते १९६६ या काळात बसलेल्या कोठारी आयोगाने पहिली दहा वर्षं विज्ञान आणि गणित सगळ्यांना सक्तीचं असावं, असं सांगितलं. पुण्यात १९६७ मध्ये 'बालभारती' सुरू झाली. नव्या आकृतिबंधाप्रमाणे दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. त्याआधी शालान्त परीक्षा अकरावीला असे, हे आपल्या मोठ्या भावंडांना आठवत असेल. या बदलाचं मोल कमी नाही. माझ्या आजीला शाळेत पेशी हा शब्द कधी भेटला नाही. माझ्या आईने तो ऐकला. आपल्या वर्गातल्या प्रत्येकीला कांद्याचा पापुद्रा काढून काचपट्टीवर ठेवायचा हक्क होता, मग ती पुढे डॉक्टर होवो की शेतात राबो.

हक्क होता, पण सूक्ष्मदर्शक तीन होते आणि आपण एकसष्ट. तुकडीला मिळून दोन तासिका. बाकीचं काम फळ्यावर, पुस्तकात आणि वहीत. पेपरात प्रश्न ठरलेला: 'सुबक व नामनिर्देशित आकृती काढा.' त्यातला 'सुबक' शब्द माझ्या अंगात भिनला होता. एचबी पेन्सिलला टोक, पट्टीने ओढलेल्या रेषा, सगळी नावं उजवीकडे. जर्मन चित्रकाराने भिंगातून पाहिलं, तक्ता काढला. असल्या तक्त्यांवरून पुस्तकात आकृती आली, पुस्तकातून गाईडात, गाईडातून माझ्या वहीत. प्रत्येक वेळी रेषा थोडी सरळ होत गेली.

हा गोंधळ मोडायचे प्रयत्न आपल्याच देशात झाले, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ मध्ये एक कार्यक्रम सुरू झाला. मुलं टोळ्या करून प्रयोग करत, शिवारात फिरून पानं आणि किडे गोळा करत आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसत. कारण परीक्षा पाठांतराची नव्हतीच. प्रात्यक्षिकाचीही परीक्षा असे. १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला. मुंबईत १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. त्या केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात शाळांबरोबर काम केलं. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की मूल अनेकदा विज्ञानात अडत नाही, पुस्तकाच्या भाषेत अडतं. म्हणून त्यांनी सोप्या मराठीवर भर दिला.

भाषेचा हा मुद्दा मी स्वतः भोगला आहे. अकरावीला इंग्रजीतून जीवशास्त्र घेतलं आणि पहिल्या महिन्यात तंतुकणिका, लवके, पर्णरंध्रे सगळी एका रात्रीत परकी झाली. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. काळा कागद लावलेलं पान स्पिरिटमध्ये उकळून आयोडीन टाकलं तेव्हा झाकलेला पट्टा पांढुरका राहिला होता आणि बाकीचं पान काळंनिळं झालं होतं. युलियस झाक्स यांनी १८६० च्या दशकात केलेला हा प्रयोग बाईंनी आपल्याकडून करून घेतला होता. तो धडा मला इंग्रजीत अडला नाही, फक्त नवे शब्द चिकटवावे लागले. जे नुसतं पाठ होतं ते मात्र पुन्हा पहिल्यापासून पाठ करावं लागलं.

म्हणजे पाठांतर वाईट आणि गाईड त्याहून वाईट, असं मी म्हणणार का? नाही. उजळणीलाही स्वतःचा मोठा इतिहास आहे आणि तो माझ्या धंद्याजवळचा आहे. हेर्मान एबिंगहाऊस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून आपण किती वेगाने विसरतो ते मोजलं, १८८५ मध्ये पुस्तक लिहिलं. अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा टिकते, हे त्यांनी दाखवलं. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात चिठ्ठ्यांची कप्प्याकप्प्यांची पेटी सुचवली. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की पहिल्या. पोलंडमधल्या पिओत्र वोझ्नियाक या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने १९८५ मध्ये कागदावर आणि १९८७ मध्ये संगणकावर असं गणित मांडलं: पहिली उजळणी एक दिवसाने, दुसरी सहा दिवसांनी, पुढचं अंतर दर वेळी साधारण अडीच पट, प्रश्न अवघड वाटला तर कमी. आजची उजळणीची कितीतरी ॲप्स याच वंशातली आहेत.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. त्यातला एक समुद्री ऊदमांजरांवर होता. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी मिटवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. हे वाचताना मला आपल्या बाई आठवल्या. तास संपायला पाच मिनिटं असताना त्या टेबलावर डस्टर आपटायच्या आणि म्हणायच्या, "वह्या मिटा. आता सांगा." सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. आजही झोपेतून उठवलं तरी म्हणेन. आपण मात्र एकवीस अपेक्षित उघडून उत्तरं वाचत बसायचो आणि वाचलं म्हणजे आलं असं समजायचो. दोष पुस्तकाचा नव्हता. प्रश्न वाचून हाताने उत्तर झाकायचं एवढंच करायचं होतं.

आता ते राहिलेलं उत्तर. कपाटाच्या तळाशी माझी प्रयोगवही सापडली नाही, पण माझ्या माळ्यावर सापडली. प्रयोग: पानाच्या सालीत पर्णरंध्रांचं निरीक्षण. मैदानाच्या कडेच्या, जांभळ्या पाठीच्या रिओचं पान. आकृती अतिशय सुबक. दोन घेवड्याच्या दाण्यांसारख्या रक्षक पेशी, मधे रंध्र, नावं उजवीकडे. दहापैकी दहा. खाली बाईंच्या लाल अक्षरात एक ओळ: 'हे तू पाहिलंस का?'

तेव्हा मला वाटलं, बाई शाबासकी देत आहेत. मग कळलं की नाही, आणि मी त्या पानाकडे पुन्हा पाहिलं नाही. माझी पाळी आली तेव्हा काचपट्टीवर मला फक्त काळ्या जाड कडांची गोल वर्तुळं दिसली होती. मागे रांग होती. मी "दिसलं" म्हणाले, जागेवर गेले आणि गाईडातून आकृती काढली.

बाई मेळाव्याला येणार आहेत, म्हणून इथेच लिहिते: नाही बाई, पाहिलं नव्हतं. ते हवेचे बुडबुडे होते.

दिवाळीतल्या त्या दुपारी मामांनी एक सूक्ष्मदर्शक पुसून दिला. त्याचा आरसा खिडकीकडे वळवला, रिओची साल काढली, पाण्याचा थेंब टाकला आणि आच्छादक काच एका कडेने हळू टेकवली, म्हणजे हवा अडकत नाही. हेही बाईंनीच सांगितलं होतं. जांभळ्या पेशींच्या फरशीत मधेमधे हिरवे ओठ उघडे होते. गाईडातल्यासारखे सरळ नव्हते, एकही दुसऱ्यासारखा नव्हता. मी शेहेचाळीस वर्षांची बाई स्टुलावर बसून मामांना हाका मारत होते.

तेव्हा भेटीबद्दल माझं मत असं. डिजिटल संचातली हलती चित्रं चांगली आहेत, रक्ताभिसरणासारखी जी गोष्ट शाळेत दाखवताच येत नाही तिथे फार उपयोगी आहेत. पण फक्त तोच घेतला तर नक्कल पाहणारी आणखी एक तुकडी तयार होईल. पैशाचा पहिला हिस्सा तीन सूक्ष्मदर्शकांच्या दुरुस्तीला आणि नव्या सूक्ष्मदर्शकांना जावा. त्यात स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाने २०१४ मध्ये मांडलेले घडीचे कागदी सूक्ष्मदर्शक घ्यावेत, कारण ते स्वस्त आहेत, मुलांना घरी नेता येतात आणि मागे रांग नसते. उरलेल्यातून पडदा. उजळणीचं मराठी ॲप मी फुकट लिहून देते, वोझ्नियाकच्या गणिताचं. अट एकच: त्यातली पानं, फुलं, किडे, पेशी यांचे फोटो मुलांनी स्वतः शाळेच्या आवारात काढलेले हवेत. प्रश्न तुम्ही लिहा, विशेषतः वर्गातल्या डॉक्टरांनी, नर्सनी आणि शेतकऱ्यांनी.

मेळाव्याच्या सकाळी नऊ वाजता मी प्रयोगशाळेत खिडकीजवळ सूक्ष्मदर्शक लावून बसणार आहे. रिओ अजून मैदानाच्या कडेला आहे. चहाच्या आधी एकेकाने येऊन पाहून जा, रांग लागली तरी घाई करणार नाही. पहिली पाळी बाईंची.