व्हॉल्व्हच्या पोटातला सोडियम

इंजिनाच्या व्हॉल्व्हवर बोलायला कवी कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. मी बी. ए. झालेला माणूस. धातुशास्त्राशी माझं नातं फक्त वाचकाचं. पण ही गोष्ट गेली कित्येक वर्षं माझ्या मनात घर करून आहे. वेगवान मोटारीचं इंजिन बांधणारी तरुण मुलं आजही विचारतात, ‘व्हॉल्व्हसाठी सगळ्यांत चांगला धातू कुठला?’ शंभर वर्षांपूर्वीही हाच प्रश्न होता. तो ज्यांनी सोडवला, त्यांनी तो जरा वेगळ्या तऱ्हेने विचारला होता.

आधी व्हॉल्व्हचं काम पाहू. दिसायला तो अळंबीसारखा, गोल टोपी आणि सडपातळ दांडा. प्रत्येक सिलिंडरला असे किमान दोन. इनलेट व्हॉल्व्हमधून ताजी हवा आणि पेट्रोल आत येतं, त्यामुळे तो निवत राहतो. एक्झॉस्टच्या वाट्याला मात्र जळलेला वायू येतो. त्याचं डोकं सातशे-आठशे अंश सेल्सियसपर्यंत तापतं, म्हणजे पोलाद लाल होण्याइतकं. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर हा व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि ५० वेळा आपल्या सीटवर येऊन बसतो. अंगातली उष्णता टाकायला त्याला दोनच मुख्य वाटा. मिटलेला असताना सीटमधून, आणि दांड्यातून गाइडमध्ये.

पहिल्या महायुद्धात विमानांची इंजिनं जोरकस झाली आणि हे दुखणं जिवावर आलं. व्हॉल्व्ह जळत, वाकत. एखाद्याचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडलं की इंजिन संपलं. मोटार बंद पडली तर चार माणसं ढकलत नेतात. आकाशात ती सोय नाही. पोलादात टंगस्टन घाल, सिलिकॉन आणि क्रोमियम घाल, असे प्रयत्न चालले होते. त्यांचा उपयोगही झाला, पण तो पुरेसा नव्हता.

सॅम्युएल हेरन हा इंग्रज अभियंता त्या काळात फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात प्राध्यापक गिब्सन यांच्याबरोबर हवेने थंड होणाऱ्या सिलिंडरवर काम करत होता. १९२१ मध्ये तो अमेरिकेत गेला आणि ओहायो राज्यातल्या डेटनजवळच्या मकूक फील्ड या लष्करी केंद्रात काम करू लागला. त्याने विचार केला तो असा : धातू अधिक चिवट करत बसण्यापेक्षा त्याच्या अंगातली उष्णता लवकर बाहेर का काढू नये?

त्यासाठी व्हॉल्व्ह आतून पोकळ करायचा आणि त्यात एखादा द्रव भरायचा. पारा वापरून झाला. पण पारा पोलादाला नीट धरत नाही, त्यामुळे उष्णता हवी तशी उचलत नाही. मग वितळणारे क्षार आले. त्यांनी काम बरंच सोपं केलं. शेवटी हेरन धातुरूप सोडियमवर स्थिरावला. शाळेच्या प्रयोगशाळेत रॉकेलच्या बाटलीत ठेवलेला, पाण्यात टाकला की पेट घेणारा, तोच हा सोडियम. तो सुमारे ९८ अंशांना वितळतो आणि उकळतो थेट ८८३ अंशांना. पोकळी निम्म्याहून थोडी अधिक भरायची आणि तोंड कायमचं बंद करायचं. इंजिन चालू झालं की सोडियम वितळतो, व्हॉल्व्हबरोबर वर-खाली हिंदकळतो, डोक्याजवळची उष्णता उचलतो आणि दांड्यापाशी नेऊन सोडतो.

मे १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग एकट्याने न्यूयॉर्कहून पॅरिसला उडाला, तेव्हा त्याच्या विमानातल्या राइट व्हर्लविंड इंजिनात हेरनच्याच पद्धतीचे, आतून थंड होणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह होते. एकच इंजिन, खाली अटलांटिक, आणि प्रवास साडेतेहतीस तासांचा. मिनिटाला १,६०० फेरे धरले, तरी प्रत्येक व्हॉल्व्ह सोळा लाख वेळा उघडला-मिटला असेल. त्यातला एकही दगा देऊन चालणार नव्हतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनातही सोडियम भरलेलेच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह होते.

दुसरं वळण पेट्रोलने आणलं. इंजिनाचं ठोकणं थांबवण्यासाठी १९२० च्या दशकात पेट्रोलमध्ये शिसं मिसळायला सुरुवात झाली. जळल्यावर त्याची संयुगं तापलेल्या व्हॉल्व्हला खाऊ लागली. यावर उपयोगी पडला स्टेलाइट, म्हणजे कोबाल्ट आणि क्रोमियमचा मिश्रधातू. तो शोधणारे एलवुड हेन्स हे अमेरिकेत मोटार बनवणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी. व्हॉल्व्हच्या सीटवर टेकणाऱ्या कडेला या धातूचा थर चढवू लागले. पुढे ‘२१-४ एन’ नावाचं पोलाद आलं. त्यात २१ टक्के क्रोमियम, ४ टक्क्यांच्या आसपास निकेल, शिवाय मँगनीज आणि नायट्रोजन. एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी ते आजही सर्रास वापरतात.

गंमत अशी, की हेच शिसं साध्या मोटारींच्या सीटवर पातळ थर धरून तिची झीज रोखतही होतं. पण ते विष होतं, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला घातक. आपल्याकडे १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच आलं. २०२१ मध्ये अल्जीरियाने ते थांबवलं आणि जगातल्या मोटारींमधून शिसं गेलं. त्याबरोबर मऊ सीटचा आधारही गेला. तेव्हा जुनं इंजिन नव्याने बांधणाऱ्याने भारी व्हॉल्व्ह घेण्याआधी सीट कडक आहे का, हे पाहावं.

आता टायटॅनियमकडे येऊ, कारण मुलांचा जीव त्यावर जडलेला असतो. त्याचं वजन पोलादाच्या साधारण साठ टक्केच. व्हॉल्व्ह हलका असला की स्प्रिंग त्याला वेळेवर मिटवते आणि इंजिन अधिक फेरे घेऊ शकतं. पण टायटॅनियमला घासणं सोसत नाही. त्याच्या दांड्यावर लेप लागतो, सीटही त्याला जुळणारी लागते. शर्यतीच्या गाडीत व्हॉल्व्ह वरचेवर बदलतात. रोजच्या गाडीत ते परवडत नाही. शेवरोले कंपनीने २००६ च्या कॉर्व्हेट झेड-०६ मोटारीच्या सात लिटरच्या इंजिनात एकाच सिलिंडरला दोन प्रकारचे व्हॉल्व्ह दिले. इनलेटला टायटॅनियम, कारण तो मोठा आणि तिथे वजन नडतं. एक्झॉस्टला सोडियम भरलेलं पोकळ पोलाद, कारण तिथे उष्णता नडते.

तरुण मित्रांना मी एवढंच सांगेन, की धातूचं नाव शेवटी ठरवा. तुमच्या इंजिनात व्हॉल्व्हला आधी काय मारणार, उष्णता, वजन की झीज, हे पहिल्यांदा शोधा. इंजिन किती फेरे घेणार, किती वेळ घेणार, सीट आणि गाइड कशाचे, हे लिहून काढा. निम्मी निवड तिथेच होते. आणि हो, जुना पोकळ व्हॉल्व्ह हाती आला, तर आत काय आहे ते पाहायला करवत लावू नका. आतला सोडियम पाण्याचा थेंब मिळाला तरी पेटतो.