झिर्कोनियमच्या आड दडलेलं मूलद्रव्य

आवर्तसारणीत खाली उतरलं की अणू मोठा होतो, हे आपण शाळेत शिकलो. मग झिर्कोनियम आणि त्याच्या बरोबर खालचं हाफ्नियम जवळजवळ सारख्याच आकाराचे कसे?

१७८९ साली क्लाप्रोटने झिर्कोनियमचा शोध लावला. त्याच्या खनिजांत मिसळलेलं हाफ्नियम ओळखायला मात्र १९२३ उजाडलं! म्हणजे १३४ वर्षं ते रसायनतज्ज्ञांच्या हाताखालून जात होतं. शेवटी कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांनी क्ष-किरणांच्या वर्णपटावरून ते पकडलं.

याचं कारण मधल्या लॅन्थनाइडांत आहे. तिथे भरणारे १४ इलेक्ट्रॉन केंद्रकाचा वाढता भार नीट झाकत नाहीत, त्यामुळे अणू आक्रसत जातो. १९२५ साली गोल्डश्मिट यांनी याला 'लॅन्थनाइड आकुंचन' म्हटलं. चार धनभार असलेल्या आयनांच्या त्रिज्या बघा: झिर्कोनियम ७२, हाफ्नियम ७१ पिकोमीटर.

रसायनाला हा फरक जाणवत नाही, पण अणुभट्टीला जाणवतो. झिर्कोनियम न्यूट्रॉन जाऊ देतं, हाफ्नियम ते गिळतं. म्हणून इंधनाच्या नळ्या बनवताना या जुळ्यांना आजही आपल्याला कष्टाने वेगळं करावं लागतं.