गाडी कुणाची, हात कुणाचे?

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्या देशात मोटार ही संस्थानिक, साहेबलोक आणि बडे व्यापारी यांचीच वस्तू होती. १९४२ साली हिंदुस्थान मोटर्स आणि १९४४ साली वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपन्या स्थापन झाल्या. बंगालमधील उत्तरपाड्याची ॲम्बॅसॅडर आणि मुंबईतील कुर्ल्याची फियाट, म्हणजेच नंतरची पद्मिनी, या दोन गाड्यांनी पुढे कित्येक वर्षे रस्त्यावर राज्य केले. गाड्या किती बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे. त्यामुळे पैसे भरूनही ग्राहकाला वर्षानुवर्षे थांबावे लागे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची चावी ग्राहकाच्या हाती दिली आणि पगारदार माणूसही गाडीचे स्वप्न पाहू लागला. १९९३ मध्ये मोटार उद्योगावरील परवान्याचे बंधन उठले. १९९८ मध्ये सँट्रो आणि इंडिका आल्या. बँका हप्त्यावर कर्ज देऊ लागल्या.

तरीही आकडे पाहा. २००१ च्या जनगणनेत दर शंभर घरांपैकी अडीच घरांकडे चारचाकी होती, २०११ मध्ये ४.७ घरांकडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण जेमतेम आठच्या घरात पोहोचले. म्हणजे इतक्या वर्षांनंतरही नव्वदहून अधिक घरे गाडीविनाच आहेत.

या इतिहासात आपल्या समाजाचे स्थान कुठे? मालकांच्या यादीत आपण थोडे, पण स्टिअरिंगवर आणि गाडीखाली मात्र पुष्कळ. मुस्लिम कामगारांचा मोठा वाटा वाहतूक आणि वाहन दुरुस्तीत आहे, हे सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानेही नोंदवले. जुन्या गाडीचा कार्बोरेटर उस्ताद नुसत्या आवाजावरून जुळवत. शागिर्द बघून बघून शिके. त्यासाठी दाखला लागत नसे, म्हणून मोहल्ल्यातली मुले आठवीतच शाळा सोडून गॅरेजला जात आणि घराची रोजी चाले.

आता गाडीतला बिघाड संगणक सांगतो. स्क्रीनवरचा इंग्रजी संदेश वाचता आला नाही तर नुसता पाना काय करणार? नवी गाडी वॉरंटीमुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाते. तिथे आधी प्रमाणपत्र मागतात. विजेवरच्या गाडीत तर ना कार्बोरेटर, ना क्लच.

रस्त्यावर गाड्या वाढत असताना जुन्या मिस्त्रीचे काम घटावे, हे दुःखद आहे, पण त्यावर उपाय आहे. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि त्याला दहावी उत्तीर्ण असावे लागते. म्हणून पालकांना आणि गॅरेजवाल्या उस्तादांना माझी एकच विनंती आहे. मुलाच्या हातात पाना जरूर द्या, हुनर वाया जात नाही. पण दहावीचा निकाल लागेपर्यंत त्याला शाळेत राहू द्या. संध्याकाळी दोन तास गॅरेजमध्ये शिकलेला आणि पुढे आयटीआय केलेला मुलगाच उद्याच्या गाडीचा उस्ताद होईल.