वर्गाचे वर्तमान घरी

व्याख्यानमालेचे हे दिवस आणि शाळांच्या निकालाचे दिवस जवळजवळच येतात. घरोघर प्रगतिपुस्तके येऊन पडलेली असतात. त्या पुस्तकात एक लहानसा रकाना असतो, 'पालकाची सही'. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या पुस्तकात त्या जागी दर खेपेस निळा अंगठा उठलेला असे. गुरुजी तो पाहत आणि पुस्तक कपाटात ठेवून देत. मुलाचे वडील शेतमजुरी करीत. अंगठा उठवण्यापूर्वी पुस्तकात काय लिहिले आहे हे त्यांना कोण वाचून दाखवी? अर्थात तो मुलगाच. गणितातले अपयश त्याने बापाला कोणत्या चालीवर वाचून दाखवले असेल, याची आम्ही पोरे मधल्या सुटीत नक्कल करीत असू. पुढे विचार करण्याचे वय आले तेव्हा त्या नकलेची लाज वाटू लागली. शाळेने आपला निरोप अशा रीतीने धाडला होता की, तो समजून घ्यावयास बापाला ज्याच्याविषयी तक्रार त्याचीच मदत घ्यावी लागावी.

वर्गात काय चालले आहे हे घराला कळवावे कसे, हा प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. शिक्षणाच्या इतिहासात कायद्यांना प्रकरणे मिळतात, कमिशनांना मिळतात, अनुदानांनाही मिळतात. ह्या प्रश्नाला क्वचित एखादी तळटीप लाभते. आमचे म्हणणे असे की, हा धागा धरून मागे गेले म्हणजे आपली प्राथमिक शाळा कोणासाठी चालत होती हे जितके स्पष्ट दिसते, तितके ते दुसऱ्या कशातून दिसत नाही.

एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत आणि तिच्या मागोमाग, म्हणजे १८२० ते १८३० या दशकात, मुंबई इलाख्यातल्या देशी शाळांची पाहणी झाली. रा. वि. परुळेकरांनी ती कागदपत्रे पुढे संपादून प्रसिद्ध केली. त्यांतून पंतोजींच्या शाळेचे जे चित्र उभे राहते ते आपल्या ओळखीचे आहे. शाळेला स्वतःची इमारत नाही. कोणाची ओसरी, कोठे देऊळ, कोठे पंतोजींचेच घर. धुळपाटीवर अक्षरे गिरवावयाची आणि पाढे, पावकी, निमकी, औटकी एका सुरात मोठ्याने म्हणावयाची. ह्या मोठ्याने म्हणण्याला नव्या शिक्षणशास्त्राने पुष्कळ नावे ठेवली, आणि ती अस्थानी नव्हती. परंतु त्यात एक गोष्ट सहज साधत होती. समोरच्या घरातील आजीला दळताना ऐकू येई की आज नातू एकोणिसाच्या पाढ्यावर अडखळला. पंतोजींचे पोट गावाने दिलेल्या धान्यावर आणि चार पैशांवर चाले, त्यामुळे बापाने वाटेत गाठून "पोराचे कसे काय?" असे विचारले तर उत्तर देणे त्यांना भागच होते.

तथापि ह्या चित्रावर कोणी फार भाळू नये. शाळेचा आवाज ज्या घरांत जाई ती घरे ओसरीच्या आसपासचीच होती. महारवाड्यात, मांगवाड्यात तो पोचत नसे. आणि पोचला असता तरी तेथल्या मुलाला त्या ओसरीवर कोणी चढू दिले नसते. मुलींचे नाव तर त्या पाहण्यांतून शोधूनच काढावे लागते. पालकाला शाळेची खबर होती, पण पालक म्हणजे कोण हे आधीच ठरून गेले होते.

म्हणून आम्हांला पुढचा टप्पा १८४८ सालचा वाटतो. पुण्यास भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. येथे प्रश्न उलटा झाला. मुलगी शिकली तर काय अनर्थ होईल याच्या वावड्या घरात आधीच पोचलेल्या होत्या. वर्गातले खरे वर्तमान तेवढे पोचावयाचे होते. फुल्यांच्या मंडळींनी त्यासाठी जाहीर परीक्षेचा मार्ग धरला. फेब्रुवारी १८५३ मध्ये पुण्यास झालेल्या अशा परीक्षेस दोनशेंहून अधिक मुली बसल्या आणि ती पाहावयास सुमारे तीन हजार लोक जमले होते. त्या काळच्या पुण्याच्या मानाने हा जमाव लहान नव्हे. परीक्षेच्या दिवशी आईबापांनी आपली मुलगी वाचताना प्रत्यक्ष पाहिली. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनाही ती वाचते आहे एवढे कळत होते. त्याला प्रगतिपुस्तक लागत नव्हते. दोन वर्षांनी, १८५५ मध्ये, फुल्यांच्याच शाळेतील मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. मांगमहारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध आज सर्वांना माहीत आहे. वर्गात काय शिकवले जात होते याचा याहून सच्चा अहवाल कोणत्याही इन्स्पेक्टराने लिहिलेला आम्हांला ठाऊक नाही.

इन्स्पेक्टरांचे नाव निघालेच आहे तर तेही सांगून टाकू. सरकारचे शिक्षणखाते १८५५ मध्ये उभे राहिले आणि १८६५ च्या सुमारास मुंबई इलाख्यात खाजगी शाळांची मदत परीक्षेच्या निकालावर ठरू लागली. परीक्षा राहिली, पण तिच्यापुढचा प्रेक्षक बदलला. आता डिपोटी येणार म्हणून शाळा सारवावयाची, मुलांना धुतलेले सदरे घालून आणावयाचे, पाठ केलेले धडे पुन्हा घोकून घ्यावयाचे. शाळा ज्याला उत्तर देत होती तो घोड्यावरून किंवा दमणीतून येऊन दुपारच्या आत निघून जाई. बाप गर्दीच्या कडेला उभा. फुल्यांच्या हे ध्यानात आले होते असे दिसते. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, वेळ पडल्यास नांगर धरू शकतील आणि लोकांत मोकळेपणाने मिसळतील असे घ्यावेत, अशी मागणी केली. ह्या मागणीचा जातीच्या अंगाने पुष्कळ विचार झालेला आहे, आणि तो व्हावयासच हवा. पण तिला दुसरेही एक अंग आहे. बांधावर उभा राहून जो मास्तर बापाशी पेरणीविषयी बोलू शकतो, तोच मुलाच्या गणिताविषयीही बोलू शकतो.

सक्तीच्या शिक्षणाने घराला मिळणारा निरोप आणखी बदलला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्ती लागू केली. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ मध्ये केली; मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. ह्या दोन्ही राजांचे ऋण मोठे आहे, आणि दंडावाचून तो गाडा हलला नसता हेही आम्ही मान्य करतो. परंतु कित्येक घरांना शाळेकडून आलेला पहिलाच कागद हा नोटिशीचा होता. शाळेचा शिपाई दिसला की बाई आत जात आणि "ते घरी नाहीत" म्हणून आतूनच सांगत, अशा गोष्टी आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत. पुढे दंड गेला, तरी शाळेचा निरोप म्हणजे काहीतरी मागणे किंवा काहीतरी गाऱ्हाणे, ही समजूत मात्र गेली नाही. आजही "शाळेत बोलावले आहे" हे शब्द ऐकून आईच्या पोटात गोळा येतो तो त्याच परंपरेतला.

या परंपरेला छेद देणारे काम झाले ते ठाणे जिल्ह्याच्या समुद्रकाठी. (तो भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.) ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सोबतीने बालशिक्षणाचे काम करून आल्या होत्या. आईबापांशी बोलल्याखेरीज मुलाचे शिक्षण पुरे होत नाही, हे गिजुभाईंचे मत त्यांच्या अंगी मुरलेले होते. गिजुभाईंचे 'मा-बाप थवुं आकरुं छे' हे पुस्तकच मुळी पालकांसाठी आहे. आईबाप होणे अवघड आहे, असा त्याच्या नावाचा अर्थ. 'शिक्षणपत्रिका' हे मासिकही गुजरातीत आणि मागाहून मराठीत ह्याच हेतूने निघाले. पण मासिक वाचणारा पालक हा दादर-गिरगावातला पालक. ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीस गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, तेव्हा मासिकाचा उपयोग संपला.

बोर्डीस बालवाडी उघडली, परंतु हरिजनवाड्यातली मुले येईनात. आईबाप मजुरीला जाणारे. शाळा म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि जे ठाऊक आहे ते मार खाण्याचे. आमच्यासारख्याने सभा घेऊन भाषण केले असते. ह्या दोघींनी बालवाडीच उचलून वाड्यात नेली. कोणाच्या तरी अंगणात मुले गोळा करावयाची, त्यांचे हातपाय धुवावयाचे, केस विंचरावयाचे, गाणी म्हणावयाची, शंखशिंपल्या आणि बिया मांडून मोजावयाच्या. आया दारात उभ्या राहून पाहत. पहिल्या दिवशी हसत, दुसऱ्या दिवशी जवळ येत, आणि केव्हातरी एखादी आपल्या पोराला घरीच न्हाऊ घालून आणून बसवी. पालकांना वेगळे काही कळवावे लागत नव्हते, कारण वर्ग त्यांच्या अंगणातच होता. अंगणवाडी हे नाव त्यावरून आले. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा ते नाव देशभर गेले, आणि आता ते सरकारी पाटीवर इतके रुळले आहे की त्यातले अंगण कोणाला दिसत नाही.

१९५७ च्या सुमारास संस्था कोसबाडच्या टेकडीवर गेली आणि वारली मुलांचा प्रश्न समोर आला. तेथे मुले गुरांमागे जात. "गुरे कोण राखील?" ह्या बापाच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर दंडाचे होते. ताराबाईंनी शिक्षकच गुरांमागे धाडला आणि कुरणशाळा उभी राहिली. ही युक्ती मुलांसाठी होती असे सर्व लिहितात. आम्हांला वाटते ती बापासाठीही तितकीच होती. तुझी अडचण आम्हांला कळली, एवढा निरोप शाळेकडून त्याला प्रथमच मिळाला. वर्तमान दोन्ही बाजूंनी जावे लागते ही साधी गोष्ट आमच्या शिक्षणखात्याला शंभर वर्षांत सुचली नव्हती.

आता कायद्याने ती सुचवली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यातले तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. आपल्याकडे २०१० पासून आकारिक मूल्यमापनात मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहावयाच्या असतात. कल्पना उत्तम. पण चाळीस मुलांच्या नोंदी एका बैठकीत लिहिणाऱ्या शिक्षकाची दयाही येते. 'उपक्रमात आनंदाने सहभागी होतो' हे वाक्य किती मुलांच्या वाट्याला आले असेल ते देवच जाणे. शिवाय हातोहाती फोन आले. वर्गाच्या गटावर रोज छायाचित्रे येतात, गृहपाठ येतो, सूचना येतात. २०२० च्या टाळेबंदीत तर वर्गच फोनमध्ये आला, आणि ज्या घरात फोन एकच, तोही बापाबरोबर कामावर जाणारा, त्या घराला शाळा चालू असल्याचे वर्तमानही संध्याकाळीच कळले.

मध्यंतरी तो अंगठ्याचा मुलगा गावी भेटला. आता आजोबा झाला आहे. सही उत्तम करतो, गणितही व्यवहारापुरते बरे आहे. नातीच्या शाळेतून फोनवर काय काय येते ते त्याने आम्हांला कौतुकाने दाखवले. एक लांबलचक सूचना होती, बारीक अक्षरांत, अर्धी इंग्रजीत. "हे काय लिहिलंय रे?" आम्ही विचारले. तो हसला, आणि दाराकडे तोंड करून त्याने नातीला हाक मारली.